गावाच्या वायफायची किल्ली

(बुलढाणा जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ वाटेल. स्मार्टफोनमध्ये जतन होऊन राहिलेला वायफायचा पासवर्ड कसा शोधावा, एवढाच तो विषय. यासाठी भाषण कशाला हवे, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु गावोगावी हिंडताना ही किरकोळ गोष्ट किती जणांची अडवणूक करते हे मी पाहिले आहे. म्हणून आपला थोडा वेळ घेण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. घाटाखालच्या आपल्या तालुक्यांपैकी एका तालुक्यातील हे गाव. सातपुड्याच्या पायथ्याशी असल्यामुळे मोबाईलचे जाळे तेथे क्षीण. ग्रामपंचायतीत आलेली फायबरची जोडणी हाच काय तो भरवसा. ही जोडणी सुरू झाली त्या वेळी एका उत्साही कर्मचाऱ्याने राऊटर बसवून घेतला, पासवर्ड ठरवला आणि सर्वांच्या यंत्रांत स्वतःच्या हाताने भरून दिला. पुढे त्यांची बदली झाली. काही महिन्यांनी कार्यालयात नवा संगणक आला आणि त्याने पासवर्ड विचारला. तो कोणालाच ठाऊक नव्हता. बदलून गेलेल्या गृहस्थांनाही आठवेना. शेवटी कोणीतरी टाचणी घेऊन राऊटरच्या मागील बारीक छिद्रातील कळ दाबली. त्याबरोबर पासवर्ड तर पुसला गेलाच, पण जोडणी देणाऱ्यांनी भरलेली सर्व माहितीही पुसली गेली आणि चालू असलेले कामही बंद पडले. तंत्रज्ञ येईपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात नातवाच्या शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखला घ्यायला आलेली एक वृद्ध आजी तीन वेळा रिकाम्या हाताने परत गेली. त्यासाठी तिची तीन दिवसांची मजुरी बुडाली.

या प्रसंगातील खरी खंत पुढेच आहे. ग्रामपंचायतीच्या शिपायाचा फोन त्या सगळ्या काळात त्याच वायफायला जोडलेला होता. हरवला म्हणून ज्याचा शोध चालला होता तो पासवर्ड तेथेच, त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. तो बाहेर काढता येतो, हे कोणालाच माहीत नव्हते.

फोन पासवर्ड का जपून ठेवतो?

फोन एकदा वायफायला जोडला की दुसऱ्या दिवशी तो आपोआप जोडला जातो. याचे कारण असे की, जोडणीच्या प्रत्येक वेळी फोन आणि राऊटर या दोघांनाही एकच पासवर्ड ठाऊक असल्याची खातरजमा व्हावी लागते. हा पासवर्ड जसाच्या तसा हवेतून पाठवला जात नाही. त्यावरून केलेल्या गणिताचे उत्तर जुळते की नाही, एवढेच पाहिले जाते. ते गणित दर वेळी करावे लागत असल्याने फोनला पासवर्ड स्वतःजवळ ठेवणे भाग पडते. म्हणूनच तो पुन्हा पाहताही येतो.

रेल्वे स्थानकांवरील सार्वजनिक वायफायची रीत मात्र वेगळी आहे. तेथे आपण आपला मोबाईल क्रमांक देतो व त्यावर आलेला तात्पुरता अंक भरतो. अशा जोडणीत शोधून काढण्यासारखा कायमचा पासवर्ड नसतोच. आपण बोलत आहोत ते कार्यालय, शाळा व घर येथील वायफायविषयी.

पासवर्ड पाहण्याची रीत

२०१९ मध्ये आलेली अँड्रॉइडची दहावी आवृत्ती किंवा त्यानंतरची आवृत्ती ज्या फोनमध्ये आहे, त्यात ही सोय मुळातच आहे. सेटिंग्ज उघडावे, नेटवर्क आणि इंटरनेट या भागात जावे आणि तेथून वायफायच्या यादीत शिरावे. चालू असलेल्या जोडणीच्या नावापुढील दंतचक्राच्या चिन्हावर बोट ठेवले की शेअर हा शब्द दिसतो. पूर्वी जोडलेल्या इतर ठिकाणांची नावे त्याच पानावर खाली, जतन केलेल्या नेटवर्कच्या यादीत मिळतात. शेअर निवडल्यावर फोन आपल्या बोटाचा ठसा किंवा कुलपाचा अंक मागतो. तो दिला की काळ्यापांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड पडद्यावर येतो आणि पुष्कळ फोनमध्ये त्याखाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो.

काही कंपन्यांच्या फोनमध्ये मांडणी निराळी असते. अक्षरे दिसत नाहीत, केवळ कोड दिसतो. तरी अडत नाही. दुसऱ्या फोनचा कॅमेरा त्या कोडवर धरला की तो फोन थेट जोडला जातो. पासवर्ड अक्षरांतच हवा असेल, तर कोडच्या पडद्याचे चित्र घेऊन ते गूगल लेन्सने वाचावे. त्या मजकुरात नेटवर्कचे नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड ही तिन्ही ओळीने लिहिलेली असतात. कोड वाचून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर मात्र हे चित्र चढवू नये. तसे करणे म्हणजे परक्याच्या हाती किल्ली देणे होय.

आयफोनमध्ये ही सोय २०२२ च्या सप्टेंबरात आलेल्या सोळाव्या आवृत्तीपासून आहे. सेटिंग्जमधील वायफायच्या पानावर एडिट हा शब्द दाबला की ओळख पटवल्यानंतर जतन केलेली सर्व नेटवर्क दिसतात. हव्या त्या नावाच्या तपशिलात जाऊन पासवर्डच्या ओळीवर बोट ठेवले की झाकलेली अक्षरे उघडी होतात.

फोन जुना असेल आणि त्यात ही सोय नसेल, तर कार्यालयातील विंडोज संगणक उपयोगी पडतो. तो त्याच वायफायला जोडलेला असल्यास नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये जाऊन जोडणीचे नाव निवडावे, वायरलेस प्रॉपर्टीज उघडावे आणि सिक्युरिटी या पानावर अक्षरे दाखवण्याच्या चौकटीत खूण करावी. तेही जमले नाही, तर राऊटर उलटा करून पाहावा. पासवर्ड कोणी बदललेला नसल्यास मूळचा पासवर्ड पेटीखालील चिठ्ठीवर छापलेला असतो. टाचणीने दाबायची ती कळ हा सर्वांत शेवटचा उपाय होय आणि तोही तंत्रज्ञाला विचारूनच करावा.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. हरवलेला पासवर्ड शोधून देतो, असे सांगणारी अनेक अॅप्स मिळतात. आपल्या फोनमध्ये ही सोय असताना त्यांची काहीही गरज नाही. शासकीय कामाचा फोन अशा अॅपच्या हवाली करणे धोक्याचे आहे.

जे आपल्याला सापडते, ते इतरांनाही सापडते

पासवर्ड शोधण्याची युक्ती कळली म्हणजे काम संपले, असे नाही. आपल्या फोनमधून आपल्याला पासवर्ड काढता येतो, त्याचप्रमाणे तो फोन ज्याच्या हाती पडेल त्यालाही तो काढता येतो. फोनला कुलूपच नसेल, तर ठसा किंवा अंक विचारला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. पाहुण्याला एकदा सांगितलेला पासवर्ड त्याच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे राहतो. एकट्याकडून तो परत घेण्याची सोय नाही. सर्वांसाठी बदलणे हाच मार्ग उरतो.

किल्ली सैल राहिली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडलेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारा ईमेल ज्या इंटरनेट जोडणीवरून गेला, ती नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरची निघाली. त्या गृहस्थाचा स्फोटांशी संबंध नव्हता. त्याच्या वायफायचा इतरांनी परस्पर उपयोग केला होता. तरीही तपास प्रथम त्याच्या दारी आला आणि त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. पुढच्याच महिन्यात असाच एक ईमेल मुंबईतील माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेल्याचे उघड झाले. जोडणी ज्याच्या नावावर, त्यालाच पहिला जाब द्यावा लागतो, हा या घटनांचा धडा आहे. आपल्या शाळेची जोडणी मुख्याध्यापकांच्या नावे असेल आणि ग्रामपंचायतीची ग्रामपंचायतीच्या नावे असेल, तर हा धडा आपल्यालाही लागू पडतो.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात वा संगणकीय जाळ्यात शिरणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या फोनमध्ये दुसऱ्याच्या घरचा पासवर्ड जतन झालेला असला, तरी तो आपल्या मालकीचा होत नाही. धन्याला न विचारता तो तिसऱ्याला देऊ नये, हे शेजारधर्मालाही धरूनच आहे.

नोंदवहीतील एक ओळ

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना १ ते नमुना ३३ अशा नोंदवह्या आहेत. रोकड, करआकारणी, जडवस्तू, एवढेच नव्हे तर नमुना ३३ मध्ये गावच्या झाडांचीही नोंद होते. बदली झालेला कर्मचारी कार्यभार सोपवताना कपाटाच्या किल्ल्या मोजून देतो व सही घेतो. त्याच कार्यालयाची वायफायची किल्ली मात्र तो नकळत खिशात घालून घेऊन जातो. त्यात त्याचा दोष नाही. ती किल्ली मागून घेण्याची सवय आपल्याला लागलेली नाही, हे खरे कारण आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. एवढ्या खर्चाने व परिश्रमाने गावाच्या वेशीपर्यंत आलेली ही वाट शेवटच्या दहा हातांवर, एका विसरलेल्या शब्दापाशी अडावी, हे आपल्याला शोभणारे नाही. म्हणून प्रत्येक कार्यालयाने व शाळेने पुढील पाच गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट, या आठवड्यातच जोडलेल्या फोनमधून पासवर्ड पाहून घ्यावा आणि कागदावर लिहून मोहोरबंद लिफाफ्यात कपाटात ठेवावा. राऊटरची मांडणी बदलण्याचा पासवर्ड वेगळा असतो. तोही त्याच लिफाफ्यात असावा. दुसरी गोष्ट, कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत वायफाय पासवर्ड, लिफाफा एक, अशी ओळ घालावी. तिसरी गोष्ट, बदलीनंतर नव्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा मुख्याध्यापकाने पासवर्ड बदलावा व नवा लिफाफा करावा. चौथी गोष्ट, बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाची जोडणी देता येते. ग्रामस्थ, पालक वा प्रशिक्षणार्थी यांना तीच द्यावी, म्हणजे कार्यालयाचे संगणक त्यांपासून अलग राहतात. पाचवी गोष्ट, पासवर्ड गावाचे नाव व एक-दोन-तीन असा ठेवू नये. असंबद्ध असे चार शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहण्यास सोपा आणि ओळखण्यास अवघड असतो. त्याचा कोड व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकण्याचा मोहही टाळावा. गटावर गेलेली गोष्ट वेशीबाहेर जाण्यास वेळ लागत नाही.

शिक्षकांना माझी आणखी एक विनंती आहे. फोनमधील पासवर्ड कसा पाहावा, हे आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा आधीच ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ते एवढेच की, पाहता येणे आणि वापरण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद वर्गात सांगितला, तर उद्याचे नागरिक घडवण्याच्या कामात त्याचा उपयोग झाल्यावाचून राहणार नाही.

बंधुभगिनींनो, या पाच गोष्टींसाठी निधीची आवश्यकता नाही किंवा वरिष्ठांच्या मंजुरीचीही वाट पाहावी लागत नाही. एक लिफाफा, नोंदवहीतील एक ओळ आणि अर्धा तास, एवढाच खर्च आहे. घाटावरील असो की घाटाखालील असो, आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने तो करावा. सुरुवातीला सांगितलेल्या त्या गावात आता कपाटात लिफाफा आहे. दाखल्यासाठी येणाऱ्या आजीला पासवर्ड म्हणजे काय हे समजण्याची गरज नाही. पण तो हरवल्यामुळे तिची मजुरी बुडणार नाही, याची जबाबदारी आपली आहे.