नाटकं कोणाची?

2011 साली रोलंड एमरिक यांचा ‘अ‍ॅनॉनिमस’ चित्रपट आला. शेक्सपिअर नावापुरता, नाटकं लिहिली ऑक्सफर्डचे अर्ल एडवर्ड डी व्हिअर यांनी, असं तो सांगतो. जुनं लंडन देखणं उभं केलंय. इतिहास मात्र पटत नाही. अर्ल 1604 मध्येच वारले, ‘द टेम्पेस्ट’ त्यानंतरचं.

स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअरनं मृत्युपत्रात हेमिंग्ज, बर्बेज, कॉन्डेल या सोबतच्या नटांना अंगठ्यांसाठी प्रत्येकी 26 शिलिंग 8 पेन्स ठेवले. त्यातल्याच हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांनी 1623 मध्ये मित्राच्या नावानं 36 नाटकं प्रसिद्ध केली. शेक्सपिअर, म्हणजे हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा, एवढं लिहील कसा, ही शंकाच मला अन्यायाची वाटते. चित्रपट जरूर पाहा, पण आधी एखादं नाटक वाचा.