पेरणीआधी बी उघडून बघूया



मागच्या वर्षी आमच्या गटातल्या काहीजणींनी घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलं. दाणा पिवळाधमक, टपोरा. पाऊस वेळेवर झाला, पण रानात जागोजागी मोकळंच. दुबार पेरणीसाठी गटातूनच कर्ज काढावं लागलं. चूक कुठं झाली, ते बी उघडून पाहिल्यावर कळलं.

तुम्हीही पाहा. रात्री हरभरे भिजत घाला, सकाळी साल काढा. आत दोन डाळिंब्या. हरभऱ्याला चोच असते ना, तिथं त्या दोघींना जोडून एक इवलासा मोड दिसेल. तो गर्भ. त्याचं चोचीतलं टोक म्हणजे उद्याचं मूळ, आणि डाळिंब्यांच्या मधे दडलेलं टोक म्हणजे कोंब. डाळिंब्या ही त्याची शिदोरी. पानं हिरवी होऊन अन्न करू लागेपर्यंत रोप तिच्यावरच जगतं. डाळ पेरली तर का उगवत नाही? भरडताना हा गर्भच तुटून चुणीत जातो.

सोयाबीनचा गर्भही असाच, पण साल फार पातळ आणि मूळ अगदी सालीलगत. मळणीयंत्राचा जोराचा फटका बसला, पोतं ट्रॉलीतून आदळलं, की आत मूळ मोडतं. वरून दाणा टपोराच दिसतो. आम्ही तर थप्पीवर बसून गप्पा मारल्या होत्या, तेही सांगून टाकतो.

म्हणून आता मोजून पेरायचं. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ बी घ्या. निवडून चांगलं तेवढं घेऊ नका, नाहीतर आपणच आपल्याला फसवू. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सोयाबीन हरभऱ्यासारखं बुडवून मात्र ठेवू नका. पाणी एकदम शिरलं की डाळिंब्या चिरतात. सातव्या दिवशी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजा. नुसते फुगलेले, मोड काळा पडलेले सोडा.

70 निघाले तर एकरी 30 किलो बी. 60 निघाले तर 35 किलो. त्याहून कमी असतील, तर ते सोयाबीन बाजारात घाला आणि बियाणं दुसरीकडून बघा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला आकडा आणावा. गोणपाट नसेल तर आमच्याकडून घेऊन जा.