कान झाकून घेण्याचा हक्क

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या ‘स्त्रिया आणि अपंगत्व’ या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा थोडा संपादित मजकूर.)



कालपासून आपण अपंगत्वाबद्दल बोलतो आहोत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा, अंध मैत्रिणींसाठी ब्रेल हवं, कर्णबधिर मैत्रिणींसाठी खुणांची भाषा जाणणारं कुणी हवं, हे आता आपल्याला निदान समजतं तरी. मला आज ज्या अडचणीबद्दल बोलायचं आहे ती बघणाऱ्याला दिसत नाही. स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, बाईला आवाजाचा आणि उजेडाचा जो त्रास होतो तो माझा विषय आहे. मी स्वतः स्वमग्न आहे आणि त्याचं निदान झालं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. त्यामुळे समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती म्हणून आणि या बायकांमधलीच एक म्हणून, अशी दोन्ही नात्यांनी मी बोलणार आहे.

सुरुवातीलाच माझी भूमिका सांगते. हा त्रास मेंदूच्या घडणीतून येतो, हे खरं. पण तो किती जड होणार हे घरातली आणि बाहेरची सत्ता ठरवते. गोंगाटातून उठून कोण जाऊ शकतं? टीव्हीचा आवाज कमी कर असं घरात कोण कुणाला म्हणू शकतं? कानांवर हात ठेवले तर कुणाला ‘नखरेल’ म्हणतात? या प्रश्नांची उत्तरं डॉक्टरकडे मिळत नाहीत. ती आपल्यालाच शोधायची आहेत.

त्रास म्हणजे नेमकं काय?

आत्ता या सभागृहात पंखा फिरतो आहे, मागे कुणीतरी पिशवी चाळवते आहे, बाहेर रिक्षा थांबली आहे. तुमच्यातल्या बहुतेकींचा मेंदू हे सगळं मागे सारून माझं बोलणं पुढे आणतो. आमच्यातल्या अनेकींच्या मेंदूत ही निवड नीट होत नाही. पंखा, पिशवी, रिक्षा आणि बोलणं, सगळं एकाच जोराने आत येतं. म्हणून ‘एवढा काही मोठा आवाज नव्हता’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो. एखादीला फटाक्याने त्रास होतो, एखादीला फ्रिजच्या बारीक घरघरीने, तर एखादीला चारजणी एकदम बोलायला लागल्या की.

उजेडाचंही तसंच आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या चोकवर चालणाऱ्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. बहुतेकांना ते जाणवत नाही. काही स्वमग्न माणसांना त्याने डोकं दुखण्यापासून मळमळण्यापर्यंत काहीही होतं, त्यात चोकची गुणगुण वेगळीच. हलक्या प्रतीचे एलईडी दिवेही असे फडफडतात. पांढऱ्या भिंतीवरून परतणारं दुपारचं ऊन, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे प्रखर दिवे, लग्नाच्या हॉलमधली रोषणाई, हे आमच्या नेहमीच्या तक्रारींतले विषय.

सगळ्यांना सारखाच त्रास होत नाही. एकाच बाईला आवाज सोसत नाही, पण चटका बसलेला कळत नाही, असंही असतं. आणि हा त्रास साठत जातो. सकाळचा कुकर, मग बस, मग ऑफिसातली ट्यूब, मग संध्याकाळचा बाजार. शेवटी भांडं पडल्याचं निमित्त होतं आणि ती बाई किंचाळते, रडते, डोकं आपटून घेते. किंवा याच्या उलट गोठून जाते. तोंडातून शब्द निघत नाही, विचारलेलं कळत नाही. बघणाऱ्याला फक्त भांडं दिसतं. सकाळपासूनचा दिवस कुणी पाहिलेला नसतो.

ज्या बायका बोलल्या

अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ साली ११ मुलांचं वर्णन केलं, तेव्हाच ही मुलं मोठ्या आवाजाला घाबरतात हे नोंदवलं होतं. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोच्या डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांबद्दल लिहिलं आणि मुलींबद्दल वेगळा लेखही लिहिला. या बाईंचं नाव कित्येक दशकं मागे पडलं होतं. पुढे टेंपल ग्रँडिन यांनी १९८६ साली आणि ऑस्ट्रेलियाच्या डोना विल्यम्स यांनी १९९२ साली आपापली आत्मकथनं प्रसिद्ध केली. दोघीही स्वमग्न. आवाज, उजेड, स्पर्श आपल्याला कसे भिडतात हे त्यांनी आतून सांगितलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानाच्या निकषांत हा मुद्दा स्वतंत्रपणे आला तो मात्र २०१३ साली. बायकांनी स्वतःचा अनुभव सांगायचा आणि तज्ज्ञांनी तो मागाहून मान्य करायचा, हा क्रम आपल्या चळवळीला नवा नाही.

मधल्या काळात दोष कुणाला दिला गेला? आईला. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हे मत पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ चाललं. ब्रुनो बेटलहाइमने १९६७ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते मत केव्हाच खोटं ठरलं आहे. तरी आपल्याकडे आजही आईलाच ऐकवलं जातं, ‘तू नोकरी करतेस म्हणून’, ‘तूच लाडावून ठेवलंस’. मुलगी कान झाकते तेव्हा आई आधी आजूबाजूच्यांचे चेहरे बघते. तिलाही दिलासा द्यावा लागतो.

बाई असल्यामुळे

स्वमग्नतेचं निदान मुलग्यांमध्ये खूप जास्त होतं. मुली सुटून जातात याचं एक कारण आपल्याला ओळखीचं आहे. सोसायला त्यांना आपणच शिकवतो. मुलगा वर्गातून पळाला की शाळा पालकांना बोलावते. मुलगी बाकाखाली नखं तळव्यात रुतवून गप्प बसते, तिला ‘शहाणी’ म्हणतात. ती इतर मुलींचं बघून हसायला, मान डोलवायला शिकते. हे सोंग दिवसभर वठवायचं आणि घरी येऊन आजारी पडायचं. वर्षानुवर्षं असं चाललं की निराशेचं, चिंतेचं औषध सुरू होतं आणि मूळ गोष्ट कुणी विचारतच नाही.

लग्नानंतर स्वयंपाकघर येतं. विचार करून बघा, घरातले सगळ्यांत कर्कश आवाज कुठे असतात? कुकरची शिट्टी, मिक्सर, एक्झॉस्ट फॅन, स्टीलची भांडी, नळाखालची बादली. आणि त्या खोलीतून उठून जाण्याची मुभा कुणाला नसते? माजघरात पाहुणे असताना सून दार लावून अंधारात बसू शकत नाही. तिच्या नवऱ्याला ‘डोकं दुखतंय’ एवढं पुरतं.

समुपदेशनाला येणाऱ्या बायकांत अशी एक होती, ओळख पटेल असं काही सांगत नाही. दोन खोल्यांचं घर, टीव्ही दिवसभर चालू. कुकर लावला की ती परसात जाऊन उभी राहायची. सासरच्यांनी ठरवलं, कामचुकार आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे ती रस्त्यातच खाली बसली आणि ओरडायला लागली. ‘अंगात आलं’ म्हणून तिला देवऋषाकडे नेलं. तिथे मारहाण झाली, तेव्हा माहेरचे तिला घेऊन आमच्याकडे आले. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘ताई, मला वेड लागलेलं नाही, मला फक्त आवाज सोसत नाही.’ भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण गुन्हा नोंदवून तिचे कान शांत होणार नव्हते. तिच्याशी आणि घरच्यांशी बसून बारीकसारीक गोष्टी ठरवाव्या लागल्या.

रोजच्या जगण्यातले उपाय

या गोष्टी मी तुम्हालाही सांगते, कारण तुमच्या वस्तीतही अशा बायका, मुली असणार.

पहिलं, आठवडाभर नोंद ठेवा. केव्हा, कुठे, कशाने त्रास झाला आणि आदल्या काही तासांत काय झालं होतं. लिहिता येत नसेल तर मैत्रिणीने लिहून घ्यावं. यातून दिवसाचा नकाशा कळतो. दोन गोंगाटाची कामं लागोपाठ ठेवायची नाहीत, मध्ये शांत वेळ ठेवायचा, हे ठरवता येतं.

दुसरं, कानांसाठी. साध्या कापसाने फार आवाज अडत नाही. औषधांच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. कारखान्यात कामगार वापरतात ते कानांवर बसणारे कप अधिक चांगले. आवाज मारणारे महागडे हेडफोन पंख्याच्या, इंजिनाच्या सलग घरघरीवर चांगले चालतात, अचानक वाजलेल्या शिट्टीवर तितके नाही. मात्र दिवसभर कान बंद ठेवू नयेत. कानांना शांततेची सवय झाली की साधे आवाजही जास्त टोचू लागतात. गरजेपुरते वापरावेत. रस्त्यावर एक कान उघडा ठेवावा, गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा.

तिसरं, डोळ्यांसाठी. ट्यूबऐवजी पिवळसर, स्थिर उजेडाचा चांगल्या प्रतीचा दिवा, तोही थेट डोळ्यांत न येणारा. खिडकीला जाड पडदा. बाहेर पुढे झाप असलेली टोपी, गडद चष्मा. पदर किंवा ओढणी कपाळावर ओढून घेणं हा तर आपल्या बायकांचा जुनाच उपाय आहे. बुरख्यापदराविरुद्ध आपण बोललो आहोत आणि बोलत राहू, पण उन्हापासून डोळे वाचवायला एखादीने स्वतः ओढलेला पदर वेगळा.

चौथं, स्वयंपाकघर. मिक्सरखाली जाड टॉवेलची घडी घातली की खडखड कमी होते. मिक्सर लावण्याआधी मोठ्याने सांगायचं. अचानक आलेला आवाज माहीत असलेल्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त लागतो. आणि सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे मिक्सर नवऱ्याने फिरवायचा. हसू नका. मघाच्या त्या घरात हे झालं. कुकरकडे सासरे बघतात, शिट्ट्या मोजायला त्यांना येतं. घरकामाच्या वाटणीवर आपण इतकी वर्षं बोलतो आहोत, त्यात ही एक बाजू जमेला धरा.

पाचवं, कोसळण्याची वेळ आली तर. प्रश्न विचारू नका. ‘शांत हो’ म्हणू नका. न विचारता मिठी मारू नका, स्पर्शानेही त्रास वाढू शकतो. दिवा घालवा, गर्दी हटवा, पाणी जवळ ठेवा आणि थोड्या अंतरावर बसून राहा. स्वतःला इजा करत असेल तर डोक्याखाली उशी, साडीची घडी द्या. बोलणं नंतर, कदाचित दुसऱ्या दिवशी.

कायदा

१९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने जी २१ अपंगत्वं मान्य केली त्यांत ते आहे. याच कायद्याचं कलम ४ अपंग स्त्रियांबद्दल आहे. कायदा ‘वाजवी सोय’ करून देण्याची जबाबदारीही सांगतो. कचेरीत ट्यूबखालची जागा बदलून मागणं, परीक्षेला शांत खोली मागणं, ही मेहेरबानीची याचना नाही, हे अर्ज लिहिताना लक्षात ठेवा.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मोठा आवाज करणं हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केलं. पण एकट्या बाईने मंडळाविरुद्ध पोलिसांत जाणं सोपं नसतं. ती तक्रार गटाच्या नावाने गेली पाहिजे. तान्ही बाळं, म्हातारी माणसं, हृदयविकाराचे रुग्ण यांच्यासाठीही ती असते.

आपल्या संघटनांत

आता थोडं घरचं बोलते. आपल्या चळवळीने ‘आवाज उठवा’ म्हटलं आणि ते बरोबरच होतं. डफ, घोषणा, पथनाट्य हे आपलं बळ आहे, ते सोडा असं मी म्हणत नाही. पण मोर्चात न येणारी प्रत्येकजण भित्री किंवा उदासीन नसते. पत्रकं लिहिणं, हिशेब ठेवणं, खटल्याचे कागद लावणं, हेही चळवळीचंच काम आहे. त्याची किंमत घोषणा देणाऱ्या गळ्याइतकीच धरली जावी.

माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. शिबिराच्या जागी एक शांत, मंद उजेडाची खोली ठेवा आणि कुणी तिथे गेलं तर कारण विचारू नका. चर्चेत एका वेळी एकीने बोलावं. यात गप्प राहणाऱ्या इतर बायकांचाही फायदा आहे. माइकची शिट्टी सभेआधी तपासून घ्या. टाळ्यांऐवजी हात वर करून हलवण्याची कर्णबधिर मैत्रिणींची रीत आहे, ती उचलायला हरकत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘इथे ढोल वाजेल’, ‘इथे दिवे बंद-चालू होतील’ असं आधी लिहा.

आणि समुपदेशन केंद्रांसाठी एक आग्रह. समोर आलेली बाई नजर देत नाही, कानाशी हात नेते, मध्येच बोलणं थांबवते, म्हणून ती काही लपवते आहे असं नोंदवहीत लिहू नका. आधी खोलीतली ट्यूब आणि पंखा बंद करून बघा, दार लावा आणि थांबा. लिहून सांगायचं असेल तर कागद द्या. पोलीस ठाण्यात, कोर्टात तिच्यासोबत जाल तेव्हा तिथेही हे सांगा. गोठून गेलेल्या बाईची फिर्याद अर्धवट राहते आणि त्या अर्धवटपणाचा फायदा मारणाऱ्याला मिळतो.

आता गटचर्चा आहे. प्रत्येक गटाने आपल्या केंद्राची खोली डोळ्यांपुढे आणावी आणि तिथे पुढच्या महिन्यात बदलता येतील अशा तीन गोष्टी लिहून काढाव्यात. पैशांची गरज लागणार नाही अशापासून सुरुवात करू.