बोटं मंदावली, डाव कळू लागला



आपण सगळे चाळिशी ओलांडलेले, म्हणून आज थोडं ऑनलाइन गेमविषयी बोलते. माझा भाचा आणि मी मोबाइलवर एकत्र गेम खेळतो. "मावशी, तुला दिसतं, पण बोट उशिरा हलतं," असं तो म्हणतो. त्याचं खरं आहे.

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'स्टारक्राफ्ट २' खेळणाऱ्या, १६ ते ४४ वर्षांच्या ३,३०५ जणांच्या खेळाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. समोरचं दिसल्यापासून हात हलेपर्यंत लागणारा वेळ चोविशीपासूनच वाढू लागतो, असं आढळलं. मुरलेले खेळाडूही त्यातून सुटत नाहीत.

मग वयानं मोठे खेळाडू टिकतात कसे? ते साधे डावपेच आखतात आणि कीबोर्डचे शॉर्टकट नेमके वापरून वेळ वाचवतात.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चाळिशीनंतर नोकरीची धास्ती असतेच. नवी मुलं माझ्यापेक्षा भरभर कोड लिहितात. पण कुठला कोड लिहायलाच नको, हे मला आधी कळतं. उदाहरण दोनदा वाचून मगच पेन उचलायची सवय गणिताच्या बाईंनी लावली, ती आज पोटापाण्याला उपयोगी पडतेय.

तेव्हा तरुणांशी वेगाची शर्यत लावू नका. घरी गेल्यावर मुलांबरोबर एक डाव मात्र जरूर खेळा. बहुधा हराल, पण आपल्याला काय जमतं तेही कळेल.