बोट दिसतंय का फ्रेममध्ये?

बऱ्याच जणांनी विचारलंय, फिल्मच्या रेंजफाइंडरवर १५ एमएम लेन्स चालते का? चालते की! फोनमधल्या ०.५ एक्सची चुलत बहीणच समजा. पण फोन जे दाखवतो तेच टिपतो. इथे तसं नाही. कॅमेऱ्याच्या खिडकीत एवढं रुंद मावतच नाही, म्हणून डोक्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर लावायचा. त्यात फोकस कळत नाही. फोक्टलेंडरची १९९९ची १५ एमएम तर रेंजफाइंडरला जोडलेलीच नाही, अंतर अंदाजाने रिंगवर लावायचं. घाबरू नका. एफ ८ वर १ मीटर लावलं की साधारण अर्ध्या मीटरपासून पार क्षितिजापर्यंत शार्प.

मी फसलो ते भलतीकडेच. आजोळचं घर पाडायच्या आदल्या दिवशी माजघरात अख्खा रोल काढला, ३६ फोटो. मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून हीच लेन्स. रोल धुऊन आला तर ११ फोटोंत माझं बोट! वरच्या व्ह्यूफाइंडरमधून ते दिसतच नव्हतं. आणि आजी बसलेली फ्रेमच्या कडेला, तिचा चेहरा ताणला गेलेला. फोटो बघून म्हणाली, "मी कुठे रे एवढी जाडी?"

आता माणसं मधोमध बसवतो, डावा हात खालून धरतो. घर काही परत काढता येणार नाही. चुलीचा एक फोटो मात्र नीट आलाय, तो खाली टाकलाय.