ताटीच्या आतला माणूस
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



मी शेतकरी माणूस. शिक्षण चौथी. कीर्तनाला उभा राहतो ते तुमच्या आधारानं. आज मात्र कीर्तन करायचं नाही, आजाराबद्दल चार शब्द बोलायचे आहेत. मला कॅन्सर झाला. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटी गाठ होती. आधी किरणांचे २५ दिवस झाले, मग ऑपरेशन, मग केमो. आता पोटाच्या डाव्या अंगाला कायमची पिशवी आहे. शौच त्या पिशवीत येतं. हे माईकवर बोलायला जीभ वळत नव्हती. पण बोलल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शरीराचं दुखणं डॉक्टर बघतात. मनाचं दुखणं कुणाला दाखवायचं? रात्री दोनला जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. ज्वारीची कणसं भरलेली बघून मनात यायचं, काढणीला आपण असू का? घरातल्या माणसांवर उगाच राग निघायचा. आमची मंडळी मुकाट्यानं पिशवी बदलायला मदत करायची आणि मी भिंतीकडं तोंड करून बसायचा. तपासणीचा दिवस जवळ आला की आठ दिवस घास गिळत नसे. अजूनही तसं होतं. रिपोर्ट चांगला आला तरी पुढच्या तपासणीची धास्ती राहतेच.

भेटायला येणारे म्हणायचे, "महाराज, तुम्ही लोकांना ज्ञान सांगता, तुम्ही कशाला भिता?" ते चांगल्या मनानंच म्हणायचे. पण त्यामुळं भीती तर जात नव्हतीच, वर भिण्याची लाज वाटायची.

मायबापांनो, आपल्या संतांना दुःख झालं नाही का? तुकोबांच्या घरात दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला. त्यांना काहीच वाटलं नाही, असं कोण म्हणेल? ज्ञानोबांचं मन दुखावलं तेव्हा त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली, ही कथा आपण सांगत आलो. धाकटी मुक्ताबाई बाहेर उभी राहून दादाला समजावत होती. तेच ताटीचे अभंग. आपण ते गातो, पण शेजारच्या घरात आजारी माणूस ताटी लावून बसलाय, हे आपल्याला दिसत नाही.

माझी ताटी कशी उघडली ते सांगतो. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार चालू असताना आम्ही दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत होतो. तिथं राहणारी बहुतेक माणसं आपल्यासारखीच. कुणाला तोंडाचा, कुणाला स्तनाचा, कुणाच्या लेकराला रक्ताचा. संध्याकाळी एकेक जण आपापलं सांगायचा. पहिल्यांदा कळलं की दोनला जाग येणारा मी एकटा नाही. मी डॉक्टरांना झोपेचं सांगितलं. त्यांनी समुपदेशन करणाऱ्या बाईंकडं पाठवलं. त्या नुसतं ऐकून घ्यायच्या. तेवढ्यानंही ओझं हलकं व्हायचं.

गावी आलो तरी एक काटा राहिला होता. पिशवी लावलेल्या माणसानं वीणा गळ्यात घ्यावी का? आपल्या दिंडीतल्या एका जुन्या वीणेकऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "आरं, ही पिशवी सगळ्यांच्याच पोटात हाय. तुझी बाहेर दिसती, एवढंच." आणि वीणा माझ्या गळ्यात घातली. त्या दिवशी मी लई रडलो.

आता वारीत सगळी वाट चालवत नाही. बाकी ट्रकमधून येतो, वाखरी ते पंढरपूर चालतो. मुक्कामाला पोरं ट्रकमागं एक बादली पाणी ठेवतात, आडोसा करून देतात. कुणी काही विचारत नाही. मला धीर द्यायला भाषण लागत नाही, ती बादली पुरते.

शताब्दीच्या निमित्तानं दिंडीकडं एवढंच मागतो. कॅन्सर झालेल्याला "मागच्या जन्मीचं पाप" म्हणू नका. हा रोग शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं लागत नाही, त्याच्या पंगतीला बसा. कुणा बाबाच्या पुडीपायी डॉक्टरांचं औषध सोडायला सांगू नका. "किती दिवस?" हे विचारू नका, "आज झोप लागली का?" हे विचारा. आणि त्याचं काम काढून घेऊ नका. टाळ झेपत नसेल तर पताका द्या, पताका झेपत नसेल तर भाजी निवडायला द्या.

आणि जो आजारी आहे त्याला सांगतो, एका तरी माणसाजवळ बोल. मन फारच खचलं तर डॉक्टरांना सांग, नाहीतर सरकारच्या १४४१६ या नंबरवर फोन कर. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नामस्मरण मीही करतो. पण नाम घेणाऱ्यालाही भीती वाटते आणि नाम घेणाऱ्यालाही औषध लागतं. त्यात विठोबाला कमीपणा नाही.

पुढची तपासणी दोन महिन्यांवर आहे. तोवर पेरणी उरकायची आहे आणि एकादशीचं कीर्तन आहे. उभं राहवेल तितका वेळ उभा राहीन, नंतर बसून करीन. तुम्ही धृपदाला साथ द्या.

रामकृष्णहरी.