गंगौलीचे लोक पुरावा देत नाहीत



आयोजकांनी मला सांगितलं, 'एखाद्या आवडत्या कादंबरीवर बोला. नुसती गोष्ट सांगू नका, ती का आवडते ते सांगा.' मी सॉफ्टवेअरमधला माणूस, साहित्याचा अभ्यासक नाही. त्यामुळे ही समीक्षा नाही, एका वाचकाचं म्हणणं आहे.

माझी आवडती कादंबरी म्हणजे राही मासूम रज़ा यांची 'आधा गाँव'. ती 1966 साली आली. रज़ा मूळचे उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरचे. अलीगढला उर्दू शिकवायचे, नंतर मुंबईत आले आणि चित्रपटांसाठी लिहू लागले. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत' मालिकेचे संवाद त्यांचेच. तुमच्या-माझ्या घरातल्या मोठ्यांनी रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसून ते ऐकलेले असतात. 1992 साली मुंबईतच त्यांचं निधन झालं.

कादंबरी घडते ती गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौली गावात. हे रज़ांचं स्वतःचं गाव. तिथे शिया सय्यद जमीनदारांच्या दोन पट्ट्या आहेत, उत्तर आणि दक्खिन. दोघांचं आपसात पटत नाही. मोहर्रम कोणाचा मोठा, ताजिया कोणाचा देखणा, नौहा कोण चांगला म्हणतं, यावरून वर्षभर चुरस चालते. नाव 'आधा गाँव', कारण लेखक गावाच्या ज्या अर्ध्या भागात वाढला, जो त्याला आतून माहीत आहे, त्याबद्दलच तो बोलतो. सगळ्या गावाच्या वतीने बोलण्याचा आव आणत नाही. मला तर हा प्रामाणिकपणा पहिल्याच पानापासून आवडला.

मग गावात राजकारण येतं. अलीगढचे विद्यार्थी मुस्लिम लीगसाठी मतं मागायला येतात. भाषा शुद्ध, मुद्दे तयार. पण गावातल्या लोकांचे प्रश्न भलतेच साधे असतात. पाकिस्तान झालं तर गंगौली कुठे जाणार? आमच्या शेतांचं काय? दुसऱ्या महायुद्धातून परतलेला तन्नू त्या मुलांशी वाद घालतो. त्याचं गावावरचं प्रेम कुठल्या सिद्धांतातून आलेलं नाही. गाव म्हणजे तो स्वतःच, एवढंच त्याला माहीत आहे. मिगदाद तर साफ सांगतो, की तो शेतकरी आहे आणि जिथे त्याचं शेत तिथे तो. संपला विषय.

आता सांगतो, हे मला इतकं का भिडलं. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने एक वाक्य ऐकलेलं आहे : 'तुम्ही मराठी किती छान बोलता हो!' म्हणणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. पण त्या कौतुकात एक प्रश्न दडलेला असतो : तुम्ही इथले कसे काय? आणि आपण लगेच पुरावे द्यायला लागतो. आजोबा अमुक गावचे, शाळा मराठी, शिवाजी महाराजांच्या सैन्यातही मुसलमान होते. सगळं खरं असतं. तरी घरी आल्यावर थकवा येतो. घरचा माणूस घरात राहण्याचा पुरावा कशाला देईल?

'आधा गाँव' पुरावा देत नाही. रज़ांनी कादंबरीची भूमिका सुरुवातीला न देता, बरंच पुढे, कथेच्या ओघात घातली आहे. तिथे ते म्हणतात, की मुसलमान इथले नाहीत असं म्हणणाऱ्यांना खोटं ठरवायला मी कोण? मी गाझीपूरचा, गंगौलीचा आहे, एवढं मात्र सांगावंच लागतं. हा त्यांचा मिश्कील खवचटपणा आहे. वाद घालायला न बसता ते आपला पत्ता सांगतात.

एक प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. 1942 च्या आंदोलनात कासिमाबादच्या पोलीस ठाण्यावर जमाव चालून जातो, तेव्हा फुन्नन मियाँचा मुलगा मुमताज मारला जातो. पुढे शहिदांच्या स्मरणार्थ सभा होते. पुढारी भाषणात दोन हिंदू शहिदांची नावं घेतात, मुमताजचं घेत नाहीत. फुन्नन मियाँ उभे राहतात आणि म्हणतात, की साहेब, इथे माझाही एक मुलगा मेला होता, त्याचं नाव तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. बस. आरोप नाही, रडारड नाही. सन्मानाने नाव सांगायचं कसं, ते मी या म्हाताऱ्याकडून शिकलो.

पण फक्त एवढंच असतं, तर मी ही कादंबरी आज तुमच्यासमोर आणली नसती. रज़ा आपल्याच माणसांना झाकत नाहीत. सय्यदांचा 'हड्डी'चा, म्हणजे रक्ताच्या शुद्धतेचा अहंकार, विणकर मुसलमानांना कमी लेखणं, दलितांवरची जबरदस्ती, खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईला घरात ठेवायचं पण बरोबरीची मानायचं नाही, हे सगळं त्यात उघडं आहे. पुढे जमीनदारी जाते. दलित परसराम आमदार होतो आणि कालचे मियाँ लोक त्याच्याकडे काम घेऊन जातात. त्या उलथापालथीवर लेखक अश्रू ढाळत बसत नाही. उलट तो मजेत बघतो आहे, असं वाटतं.

फाळणीची किंमतही तो घरांतून मोजतो. मुलगे निघून गेले. मागे म्हातारे, बायका आणि लग्नाच्या मुली राहिल्या. ज्याचा मुलगा गेला आहे असा एक वृद्ध हकीम म्हणतो, की हे झालं हिंदू-मुसलमानांना वेगळं करायला, पण वेगळे झाले ते नवरा-बायको आणि बाप-लेक.

म्हणजे दोन गोष्टी एकाच पुस्तकात. बाहेरच्यापुढे मान खाली घालायची नाही, आणि आतल्या अन्यायावर पांघरूण टाकायचं नाही. आपल्याला नेहमी सांगितलं जातं, की यातलं एकच निवडा. समाजातल्या जातीबद्दल, बायकांच्या हक्कांबद्दल बोललं की घरचे म्हणतात, 'आत्ताच कशाला? विरोधकांना आयतं कोलीत मिळेल.' रज़ांनी ती वाट पाहिली नाही. ज्याला गाव आपलं वाटतं तोच गावाला इतक्या मोकळेपणाने बोल लावू शकतो, हे मला या कादंबरीने दाखवलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पुस्तक देवनागरीत आहे, त्यामुळे माझ्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांनाही वाचता येतं. संवाद भोजपुरी वळणाच्या उर्दूत आहेत. सुरुवातीला अडखळाल. मोठ्याने वाचा, कानाला लवकर कळतं. घरात आपणही पुस्तकी उर्दू कुठे बोलतो? कोणाची कोकणी, कोणाची दखनी, कोणाची खानदेशी. पात्रं खूप आहेत, म्हणून वहीत वंशावळ काढत चला. शिव्याही भरपूर आहेत. त्यावरून पूर्वी गदारोळ झाला होता, पण माणसं जशी बोलतात तसंच लिहिण्यावर रज़ा ठाम राहिले.

आणि वाचून झालं की एक काम करा. आपापल्या गावाचा, मोहल्ल्याचा जो अर्धा भाग तुम्हाला आतून ठाऊक आहे, त्याबद्दल चार पानं लिहा. चांगलं-वाईट दोन्ही लिहा. ती कोणाला पटवून देण्यासाठी लिहू नका. आपल्या मुमताजांची नावं निदान आपल्याला तरी माहीत असावीत, म्हणून लिहा.